पेन्सिलवाला थोरो

दुर्गा भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार'मुळे थोरो मराठी वाचकाला घरच्यासारखा झाला. तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला, कर भरायला नकार देऊन एक रात्र तुरुंगात काढलेला, गांधीजींना जवळचा वाटलेला. ऑफिसात वैताग आला की मला त्याचा हेवा वाटायचा. सुटला बुवा हा माणूस पोटापाण्याच्या रगाड्यातून!

मग कधीतरी कळलं, की ह्या गृहस्थांच्या घरी पेन्सिलींचा कारखाना होता. आणि हे स्वतः त्यात हात काळे करत होते.

१८२१ मध्ये थोरोच्या मामाला न्यू हॅम्पशायरमध्ये ग्राफाइटची खाण सापडली. दोन वर्षांनी थोरोचे वडील ह्या धंद्यात आले. पण तेव्हाची अमेरिकन पेन्सिल म्हणजे आनंदच होता. ग्राफाइटच्या भुकटीत सरस आणि मेण कालवायचं आणि लाकडात भरायचं. ती तेलकट उमटायची, किरकिरायची, पटकन तुटायची. फ्रान्समध्ये कॉन्ते नावाच्या माणसाने १७९५ मध्येच भुकटीत चिकणमाती मिसळून कांड्या भट्टीत भाजायची युक्ती काढली होती.

१८३७ मध्ये हार्वर्डहून पदवी घेऊन आलेल्या थोरोने शाळेतली नोकरी काही दिवसांतच सोडली, कारण मुलांना छडी मारणं त्याला पटेना. मग आला वडिलांच्या कारखान्यात. इथे मात्र त्याने डोकं चालवलं. त्यानेही माती वापरली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ. त्याप्रमाणे पेन्सिलींना नंबर दिले. जात्याभोवती सात फूट उंच, अरुंद कोठी उभारली. हवेबरोबर वरपर्यंत तरंगत जाईल तेवढीच भुकटी घ्यायची, उरलेली पुन्हा दळायची. किती साधी कल्पना! थोरोंची पेन्सिल देशातल्या उत्तम पेन्सिलींत गणली जाऊ लागली.

पुढची हकीकत मला जास्त भिडली. वॉल्डनकाठी राहून लिहिलेलं त्याचं पहिलं पुस्तक १८४९ मध्ये निघालं. खर्चाची जबाबदारी त्याची. हजार प्रती छापल्या, त्यातल्या ७०६ प्रकाशकाने १८५३ मध्ये घरी परत पाठवल्या. प्रकाशकाचे २९० डॉलर त्याने खिशातून फेडले. त्याच वर्षीच्या रोजनिशीत आणखी एक नोंद आहे: शंभर डॉलरचं एक कर्ज भागवायला त्याला हजार डॉलरच्या पेन्सिली बनवून शेवटी तोट्यात विकाव्या लागल्या होत्या.

वडील १८५९ मध्ये गेले तेव्हा धंदा त्यानेच सांभाळला. तोवर पेन्सिली मागे पडून छपाईच्या कामासाठी बारीक भुकटी विकणं हा मुख्य व्यवसाय झाला होता. १८६२ मध्ये क्षयाने तो गेला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

म्हणजे सुटला वगैरे काही नव्हता! झोपडीत तो जेमतेम दोन वर्षं राहिला. कारखान्याचं काम मात्र अधूनमधून का होईना, शेवटपर्यंत पाठीशी होतं. हे कळल्यावर थोरो माझ्या मनातून उतरेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. रगाड्यात राहून आपलं लिहिणं, आपलं फिरणं जपणारा माणूस मला जास्त आपला वाटतो.

हेवा मात्र आता वाटत नाही. उद्या सोमवार, सकाळची आठ सात गाठायची आहे.