दूरचित्रवाणी मानक-रूपांतर : चित्रदोष व उपाय

एका दूरचित्रवाणी मानकात केलेले चित्रण दुसऱ्या मानकात उतरवताना चित्रात बिघाड होतात. त्यांची कारणे व उपाय येथे दिले आहेत.

मानकांतील फरक : भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पॅल मानकावर. अमेरिका, कॅनडा व जपानमध्ये एनटीएससी रूढ होते. पॅलमध्ये ६२५ रेषा व सेकंदाला २५ फ्रेम, तर एनटीएससीमध्ये ५२५ रेषा व २९.९७ फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेम दोन फील्ड मिळून बनते : एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. रंगवाहक लहरीची वारंवारता पॅलमध्ये ४.४३, एनटीएससीमध्ये ३.५८ मेगाहर्ट्‌झ असते. व्हीएचएस कॅसेटमधील फीतही पॅलमध्ये सेकंदाला सुमारे २३ मिमी., तर एनटीएससीमध्ये ३३ मिमी. सरकते.

वसई-विरारमधील संदर्भ : वसईच्या अनेक कुटुंबांतील माणसे आखातात तसेच अमेरिका-कॅनडात स्थायिक आहेत. लग्नाची कॅसेट दुबई किंवा कुवेतला पाठवली तर तेथेही पॅलच असल्याने ती तशीच लागे; टोरांटोसाठी मात्र एनटीएससी प्रत काढावी लागे. उलट, तिकडून आणलेल्या हँडीकॅमवर गावात केलेले चित्रण एनटीएससीत असे. अशा जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवताना पुढील दोष दिसतात.

चित्र काळेपांढरे येणे : टीव्ही किंवा कॅप्चर कार्डाला रंगवाहक लहर ओळखता येत नाही. पॅल व्हीसीआरवर एनटीएससी कॅसेट लावल्यास पुष्कळदा ५२५ रेषा व पॅलचा रंग असा मिश्र संकेत बाहेर पडतो आणि अनेक कार्डे तो नाकारतात. दोन्ही मानके चालवणारा व्हीसीआर वापरून त्यातून मूळ मानकाचा संकेत घ्यावा.

चित्र वरखाली घसरणे : टीव्ही सेकंदाला ५० फील्डच्या अपेक्षेत असतो आणि संकेत ६० चा येतो. दोन्हीकडची निवड एकाच मानकावर ठेवावी.

हालचालीत धक्के : २५ फ्रेमच्या ३० करताना स्वस्त यंत्र दर सेकंदाला पाच फ्रेम दुबार दाखवते. वरातीचे किंवा नाचाचे चित्रण यामुळे अडखळते. शेजारच्या फ्रेमवरून मधली फ्रेम रचणारे रूपांतर अधिक सफाईदार असते.

कडांना दाते : दोन फील्ड वेगळे न करताच चित्राची उंची बदलली की रेषा एकमेकींत मिसळतात. हलणारी वस्तू पुढेमागे थरथरत असेल, तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे असे समजावे. डीव्ही फितीत खालचे फील्ड आधी येते.

माणसे सडपातळ किंवा रुंद दिसणे : ७२० × ५७६ चे पॅल चित्र गुणोत्तर न सांगता संगणकावर लावले की माणसे उंच, सडपातळ दिसतात, ७२० × ४८० च्या एनटीएससीत रुंद. फाइलमध्ये ४:३ गुणोत्तर नोंदवावे.

उजेड लुकलुकणे : आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. ६० फील्डच्या कॅमेऱ्याशी त्याचा मेळ बसत नाही. हा दोष मूळ चित्रणातच असतो. शटर १/१०० सेकंद ठेवल्यास तो टळला असता. नंतर तो फक्त सौम्य करता येतो.

पांढरे ठिपके व आडवे पट्टे : दमट किनारी हवेत फितीला बुरशी धरते. ती फीत व्हीसीआरमध्ये घातल्यास हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटीही बिघडतात. म्हणून आधी साफसफाई करावी. मानक बदलून हा दोष जात नाही.

तपासणीचा क्रम : कॅसेट प्रथम तिच्याच मानकाच्या यंत्रावर पाहावी. तेथे चित्र स्वच्छ असेल तर दोष रूपांतरातला, नसेल तर फितीतला. आजचे संगणक व मोबाइल दोन्ही मानकांच्या फाइली दाखवतात. त्यामुळे कॅसेट मूळ मानकातच संगणकावर उतरवून जपावी. रूपांतर जुन्या यंत्रासाठी लागलेच, तर ते केवळ प्रतीवर करावे.