राजा गेला, मेंढरं उरली

राजा मेला की त्याच्या स्मरणार्थ पदक काढायची युरोपात जुनी रीत. गळ्यात मिरवायचं नव्हे, हातात धरून बघायचं. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला चित्र. खरी गोष्ट असते ती त्या मागच्या बाजूला.

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचंच बघा. संसदेविरुद्धचं यादवी युद्ध तो हरला, त्याच्यावर खटला भरला गेला आणि ३० जानेवारी १६४९ ला लंडनमध्ये भर गर्दीसमोर त्याचा शिरच्छेद झाला. पुढे जॉन रोटियर्सने त्याचं स्मृतिपदक घडवलं. मागे ढगातून एक हात बाहेर आलाय, त्यात मुकुट. खाली माळावर मेंढरं चरतायत. मेंढपाळ मात्र कुठेच नाही.

अर्थ सरळ आहे. जमिनीवरचा मुकुट गेला, स्वर्गातला मिळाला. म्हणजे राजा गुन्हेगार नव्हे, हुतात्मा! आणि प्रजा? बिचारी मुकी मेंढरं. ज्यांनी राजावर खटला भरला, त्यांचा या चित्रात पत्ताच नाही.

आता पदक निघालं कधी ते बघू. १६६० मध्ये चार्ल्सचा मुलगा, दुसरा चार्ल्स, गादीवर परत आला, त्यानंतर. कडेची लॅटिन अक्षरं सांगतात की सद्गुण माझ्याकडून घे, नशीब दुसऱ्यांकडून. व्हर्जिलच्या महाकाव्यात ईनिअस आपल्या मुलाला जे सांगतो, त्यावरून हे घेतलंय. म्हणजे इथे बाप मुलाशी बोलतोय! बापाचं श्राद्ध आणि मुलाचा गादीवरचा हक्क, दोन्ही एकाच पदकात. मेंढपाळ चित्रात नाही, कारण तो तेव्हा सिंहासनावर बसला होता.

याउलट फ्रान्स. २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईला गिलोटिनवर चढवलं. त्याच्यावरचं एक पदक निघालं ते बर्मिंगहॅममध्ये, मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराच्या सोहो टाकसाळीत. (गंमत म्हणजे मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारची १७९१ ची तांब्याची नाणीही याच टाकसाळीने पाडली.) क्यूखलर या कलाकाराने मागच्या बाजूला ना ढग काढले, ना स्वर्गातला हात. फक्त बायकामुलांचा शेवटचा निरोप घेणारा एक माणूस. साहजिकच आहे. लुईचा मुलगा कैदेत होता, गादीच उरली नव्हती. हक्क सांगायचा कुणी आणि कशावर? उरलं ते दुःख, आणि त्याला गिऱ्हाईक होतं.

असो. पुढच्या वेळी कुणाचंही स्मारक बघाल तेव्हा त्यात कोण आहे ते बघाच, पण कोण नाही आणि ते कुणाच्या सोयीचं आहे, हेही जरा बघा.