खळें, पेंव आणि कुटुंब

संशोधकांच्या दप्तरांत सनदा, महजर व कैफियती मानानें बांधून ठेविलेल्या असतात. धान्याचे हिशेब मात्र तळाशीं पडून राहतात, नाहीं तर रद्दींत जातात. वस्तुतः कुळें कशीं तगलीं हें सनदेपेक्षां या हिशेबांवरून अधिक कळतें. म्हणून औरंगाबाद (आजचें छत्रपति संभाजीनगर) व पैठण या भागांतील घरापुरती शेती कुटुंबास काय देत असे, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम पेऱ्याची रचना पाहूं. हलक्या रानांत खरिपाची बाजरी, भारी काळींत रब्बीची शाळू ज्वारी; बाजरीच्या तासांत तूर व मटकी, बांधाकडेस अंबाडी, ज्वारीभोंवतीं करडई. यांतून भाकरी, वरण, तेल, भाजी व दोर हीं घरचीं घरीं मिळत. कडब्यावर बैल जगत, आणि त्यांच्या शेणखतानें तेंच रान पुन्हां कसास येई. करडईचे कांटे गुरांस आंत शिरूं देत नसत. एक पीक गेलें तरी दुसरें हातीं लागण्याचा संभव राही. अशा शेतींत नफा थोडा. परंतु एका वर्षाच्या लहरीनें सर्वस्व जाण्याचें भयही थोडें.

खळ्यावरच बलुतेदारांचा वांटा निघे व उरलेलें धान्य पेंवांत जाई. कौटिल्यानें कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं, सांठ्यापैकीं अर्धा भाग प्रजेच्या आपत्कालासाठीं राखावा व नवें धान्य आलें म्हणजे जुनें बदलावें. राजानें कोठारांत जें करावयाचें, तेंच कुणबी आपल्या दारच्या पेंवांत करीत असे. ज्याच्या घरीं दाणा आहे, त्याला सुगीच्या मंद भावांत विकण्याची व पावसाळ्याच्या तोंडीं चढ्या भावानें घेण्याची सक्ती नसते. हाच घरापुरत्या शेतीचा मुख्य लाभ होय.

राज्यकर्त्यांनाही याची जाणीव होती. औरंगजेब 1653 त दुसऱ्यांदा दक्षिणेच्या सुभेदारीवर आला, तेव्हां त्याचा दिवाण मुर्शिदकुलीखान यानें बटाईची जी पद्धत लाविली, तींत पावसावरील धान्याचा निम्मा व विहिरीवरील धान्याचा तिसरा हिस्सा सरकारचा ठरला. बैल व बियाणें यांसाठीं तगाईही दिली जाई. निम्मा वांटा हलका नव्हे; तथापि पीक बुडालें तर सरकारचा हिस्साही त्याच मानानें बुडे. रोकड साऱ्यांत अशी भागीदारी नसते.

उलट पक्षही सांगितला पाहिजे. 1630 ते 1632 च्या दुष्काळानें दक्षिणेंत गांवेंच्या गांवें ओस पडलीं. पाऊस वर्षांमागून वर्षें रुसला म्हणजे पेंवाचा तळ दिसतोच. शिवाय मीठ, लोखंड व औषध शेतांत पिकत नाहीं. परंतु केवळ बाजारावर भिस्त ठेवण्याचा परिणामही इतिहासांत नमूद आहे. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धामुळें इंग्रजी मुलखांत कापसाचे भाव चढले, कर्ज सुलभ झालें. पुढें भाव उतरले, सारा वाढला, आणि 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. या दंग्याचीं कारणें अनेक आहेत; पण रोकडीच्या फेऱ्यांत सांपडलेल्या शेतकऱ्याची असहायता त्यांत स्पष्ट दिसते.

तात्पर्य, घरापुरती शेती श्रीमंती देत नसे. ती विकावें केव्हां व राखावें किती, हें ठरविण्याचा अधिकार कुटुंबाच्या हातीं ठेवीत असे. हा अधिकार कोणत्या पिढींत व कशानें सुटला, हें घरोघरच्या मोडी रुमालांतून काढावें लागेल. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, जुनें दप्तर सोडतांना मण, पायली व शेर यांचे आंकडे असलेला फाटका बंदही टाकूं नये. सनद कुळाची प्रतिष्ठा सांगते. त्या कुळाच्या चुलीवर रोज काय शिजलें, हें त्या बंदावरूनच कळतें.