एकानं म्हणायचं, सगळ्यांचं व्हायचं

दिघोरीत प्रतिक्रमणाला आम्ही चौघीच असलो तरी एकीनं सूत्र म्हणायचं, बाकीच्यांनी मन लावून ऐकायचं, की झालं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचंही थोडं असंच. मलिद्याच्या ताटात गोड पोहे, फळं मांडतात. एकजण देवाचे आभार मानणारं वचन म्हणतो, बाकीचे ‘आमेन’ म्हणतात, आणि ते त्यांचंही होतं. सामुदायिक प्रार्थनेच्या काही भागांना मात्र दहा माणसं हवीत. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. त्याआधी कित्येक पिढ्या हे ‘शनिवार तेली’ (शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव!) घरीच ‘शेमा’ म्हणत. त्या दहांत परंपरेनं बाई मोजत नाहीत. शुक्रवारी सांजेला शब्बाथचा दिवा लावताना म्हणायचं वचन मात्र घरच्या बाईचं. त्याला दहाजण लागत नाहीत.