तांबड्याच्या पलीकडची काच

अवरक्त फिल्टरचे कूळ शोधत गेलो, की मूळपुरुष म्हणून भेटतात विल्यम हर्शेल. आणि त्यांना हवा होता याच्या अगदी उलट फिल्टर.

साल 1800, इंग्लंडमधले स्लाव. हर्शेल दुर्बिणीतून सूर्य न्याहाळत. डोळा भाजू नये म्हणून रंगीत काचा आलटूनपालटून लावत. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली: काही काचांतून उजेड जेमतेम येई, पण डोळ्याला चटका बसे, काहींतून लख्ख दिसे, ऊब मात्र नावाला. मग त्यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले. जांभळ्यात पारा 2 अंश फॅरनहाइट चढला, तांबड्यात जवळजवळ 7. आणि तांबडा संपल्यावर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे त्याहून अधिक!

म्हणजे काच आधी, अवरक्त नंतर. (‘अवरक्त’ म्हणजे तांबड्याखालचा. यातले रक्त संस्कृतातले, लाल या अर्थाचे. पहिल्यांदा ऐकणारा मात्र दचकतोच.)

या प्रकाशात भोवतालच्या दृश्यांचे फोटो काढायला शतक गेले, कारण जुन्या काचपट्ट्यांना साधा तांबडाही धड दिसत नसे. 1910 मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट वुड यांनी अवरक्तातले फोटो छापले: झाडांची पाने बर्फासारखी पांढरी, आकाश काळेभोर. आकाश काळे, कारण तरंगलांबी दुप्पट झाली, की हवेतले विखुरणे सोळाव्या हिश्श्यावर येते. 1924 मध्ये मंगळ अगदी जवळ आला, तेव्हा लिक वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ राइट यांनी हाच गुण वापरला. अतिनीलात नुसते वातावरण उमटले, अवरक्तात पृष्ठभागावरचे डाग.

आज हौशी आकाशनिरीक्षक कॅमेऱ्यापुढे 685 किंवा 742 नॅनोमीटरपासून पुढचा प्रकाश सोडणारी काच लावतात. हवेची थरथर तिथे कमी जाणवते, भरदिवसा चंद्र-शुक्रही उठून दिसतात. फुकट मात्र काही नाही: तरंगलांबी वाढली की बारकावे बोथटतात. चार इंची दुर्बीणवाल्याने 850च्या वाटेला न गेलेलेच बरे.

गंमत म्हणजे नेहमीच्या कॅमेऱ्यात रंग बिघडू नयेत म्हणून कारखान्यातूनच अवरक्त अडवणारी काच बसवलेली असते. आधी ती काढायची, मग ही लावायची.

ही काच डोळ्यापुढे धरली तर जवळजवळ काळी दिसते. पण म्हणून तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही. उजेड जेमतेम, चटका पुरा: हर्शेलच्या हाती लागलेली तीच ही काच.