इमारतीच्या डिझाइनच्या जड फायली दोन शहरांतली ऑफिसे एकत्र कशी वापरतात?

छत्रपती संभाजीनगरमध्ये एखादे हॉस्पिटल उभे राहते, तेव्हा त्याचे सगळे नकाशे एकाच ऑफिसात तयार होतीलच असे नाही. आर्किटेक्ट शहरातला, स्ट्रक्चरल इंजिनिअर सुमारे २३५ किलोमीटरवरच्या पुण्यातला आणि एसी, वायरिंग, प्लंबिंगचा सल्लागार मुंबईतला, अशी विभागणी आता नेहमीची झाली आहे. इमारत एक, पण तिच्यावर काम करणारे हात तीन शहरांत. मग सगळ्यांसमोर एकच, ताजी फाइल कशी ठेवायची?

फाइल एवढी जड का असते?

ऑटोकॅडमधला साधा नकाशा म्हणजे रेषांचा संच. तो बहुधा काही एमबीत मावतो. पण आता मोठ्या कामांत ‘बिम’ म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग ही पद्धत वापरतात. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत ही नुसती रेषा नसते. तिची जाडी, उंची, साहित्य आणि तिच्यातले दार-खिडकी ही सगळी माहिती तिच्यासोबत असते. त्यामुळे मोठ्या इमारतीचे मॉडेल शेकडो एमबींचे सहज होते.

महाराष्ट्रातले याचे ठळक उदाहरण म्हणजे नागपूर मेट्रो. महामेट्रोने तिथे ‘फाइव्ह-डी बिम’ वापरले. त्यात लांबी-रुंदी-उंचीच्या मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च हेही जोडलेले असतात.

ईमेल आणि व्हॉट्सअॅप का पुरत नाहीत?

जीमेलला २५ एमबीपर्यंतचीच फाइल जोडता येते. व्हॉट्सअॅपवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, म्हणजे आकाराचा प्रश्न सुटतो. पण खरी अडचण आकाराची नाही, आवृत्तीची आहे. ग्रुपमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा फायली साचतात. साइटवरचा सुपरवायझर त्यातली जुनी उघडतो आणि तिच्यावरूनच स्लॅब टाकला जातो. मग एसीच्या पाइपसाठी ठेवायचे भोक राहून गेल्याचे कळते आणि तयार काँक्रीट कापण्याची वेळ येते. त्यात पैसा, वेळ जातोच. शिवाय चुकीच्या जागी कापताना आतली सळई तुटली, तर मजबुतीलाही धोका पोहोचतो.

इंटरनेट वेगवान असूनही फाइल हळू का उघडते?

६०० एमबीची फाइल १० एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवरून पाठवायला किमान ८ मिनिटे लागतात. अनेक जोडण्यांत डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग कमी असतो, म्हणून पाठवणाऱ्याला जास्त ताटकळावे लागते.

दुसरे कारण लवकर लक्षात येत नाही. पुण्याच्या सर्व्हरवरची फाइल संभाजीनगरहून व्हीपीएनद्वारे थेट उघडली, तर सॉफ्टवेअर ती एका दमात आणत नाही. ते लहान-लहान विनंत्या करते आणि बऱ्याचदा एकीचे उत्तर आल्याशिवाय पुढची करत नाही. एका फेरीला २० मिलिसेकंद धरले, तरी १०,००० फेऱ्यांना २०० सेकंद होतात. इथे इंटरनेटचा जास्त वेगाचा प्लॅन घेऊनही फारसा फरक पडत नाही.

मग मार्ग कोणते?

*मॉडेल वाटून घेणे:* आर्किटेक्टचे मॉडेल वेगळे, स्ट्रक्चरचे वेगळे. प्रत्येक ऑफिस फक्त आपलेच बदलते, दुसऱ्याचे नुसते जोडून पाहते. ठरलेल्या दिवशी नव्या आवृत्त्यांची देवाणघेवाण होते. लहान ऑफिसांना हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

*क्लाउडवरचे सामाईक मॉडेल:* मूळ मॉडेल क्लाउडवर राहते आणि प्रत्येकाच्या संगणकावर त्याची प्रत असते. ‘सिंक’ केल्यावर आपले बदल मूळ मॉडेलमध्ये जातात आणि इतरांचे आपल्याकडे येतात. एकजण एखादा कॉलम हलवत असेल, तर तो सिंक करून मोकळा करेपर्यंत दुसऱ्याला त्याला हात लावता येत नाही. ऑटोडेस्कची अशी सशुल्क सेवा आहे.

*रिमोट डेस्कटॉप:* फाइल जागेवरच राहते. दूरचा माणूस तिथल्या संगणकावर काम करतो, प्रवास फक्त स्क्रीनवरच्या चित्राचा होतो.

गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सवर तयार पीडीएफ ठेवायला हरकत नाही. पण रेव्हिटचे सामाईक मूळ मॉडेल तिथे ठेवू नये. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केले, तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि एकाचे काम वाया जाऊ शकते.

शिस्त का महत्त्वाची?

२०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकात फायलींच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: काम चालू, इतरांसाठी खुली, मंजूर आणि जुनी जपून ठेवलेली. साइटवर फक्त मंजूर फाइल जावी, हा त्यामागचा साधा हेतू.

शेंद्रा-बिडकीनच्या ‘ऑरिक’ औद्योगिक शहरात नवे कारखाने उभे राहत आहेत. तिथे नकाशे करणारे, बांधणारे आणि यंत्रे बसवणारे वेगवेगळ्या शहरांतले असतात. अशा कामांत ही शिस्त आणखीच गरजेची.

हे लक्षात ठेवा

• फाइलच्या नावात प्रकल्प, मजला, विषय आणि आवृत्ती क्रमांक हवा. ‘फायनल’ हा शब्द नको.
• रेव्हिटची आवृत्ती सगळीकडे एकच ठेवा. नव्या आवृत्तीतली फाइल जुनीत उघडत नाही.
• ऑटोकॅडची फाइल पाठवताना ‘ई-ट्रान्समिट’ वापरा, म्हणजे जोडलेले नकाशे आणि फाँट मागे राहत नाहीत. त्याआधी ‘पर्ज’ केल्यास नको असलेला भार कमी होतो.
• सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकाने फाइल उडवली, तर ती सगळीकडून उडते. वेगळी प्रत रोज ठेवा.
• बँक, हॉस्पिटल यांचे नकाशे संवेदनशील असतात. लिंकला पासवर्ड आणि मुदत घाला.
• नवी आवृत्ती निघाली की साइटवरचा जुना कागदी नकाशा परत घ्या किंवा त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारा.