तळटीप : ‘टिळक देवळात टाळ घेऊन उभे’

* टिळक : लोकमान्य नव्हेत, कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई नवऱ्याचा उल्लेख ‘टिळक’ असाच करतात, म्हणून येथेही तो तसाच ठेवला आहे. ‘देऊळ’ म्हणजे चर्च. मराठी ख्रिस्ती घरांतला हा जुना शब्द. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. पुढे नगरचे त्यांचे घर म्हणजे भरले गोकुळ. मुलगा देवदत्त, आश्रयाला आलेली पोरे, न सांगता येणारे पाहुणे. बालकवी ठोंबरे तर तिथलेच होऊन राहिले. टिळक चटकन रागावत, त्याहून चटकन विरघळत. त्यांना नुसते संत करून टाकणे मला अन्यायाचे वाटते. बायकोशी भांडणारा, तिलाच अक्षरे गिरवायला लावणारा, हातचे दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा हा माणूस फार लोभस होता. टाळाचा उल्लेख अक्षरशः घ्यावा : चर्चमध्ये अभंगाच्या चालीची भजने आणि कीर्तन रुजवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. त्यांची गीते मराठी मंडळ्यांत रविवारी आजही गातात.